बी.एड. आंतरवासिता आणि दिव्यांग छात्राध्यापक: शाळावाटप, पाठनिरीक्षण, हजेरी आणि पुढच्या वर्षीचे प्रवेश

आंतरवासिता_समन्वयक

अनुदानित बी.एड. महाविद्यालय, तालुक्याचं ठिकाण, ५० ची एक तुकडी. दुसऱ्या वर्षाची १६ आठवड्यांची आंतरवासिता, म्हणजे शाळेत राहून करायचा अध्यापनाचा सराव, दोन महिन्यांवर आली आहे. तुकडीत चार दिव्यांग छात्राध्यापक, म्हणजे बी.एड.चे विद्यार्थी, आहेत. एकजण व्हीलचेअर वापरते. तिच्या अध्यापन पद्धती विज्ञान आणि गणित. एकजण पूर्ण अंध. मराठी आणि इतिहास. एकाला दोन्ही कानांना श्रवणयंत्र आहे, तो बोलतो, ओठांवरून बरंचसं समजून घेतो. इंग्रजी आणि भूगोल. चौथीला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. मराठी आणि भूगोल.

आमच्याकडे शाळांचं वाटप चिठ्ठ्या टाकून होतं, म्हणजे कोणी तक्रार करत नाही. या चौघांना त्यातून वेगळं काढावं का? एका सहकाऱ्यांचं म्हणणं, चौघांनाही जवळच्या विशेष शाळेत पाठवा, तिथे सगळ्या सोयी असतात. पाठनिरीक्षणाच्या तक्त्यात फलकलेखन आणि नजरसंपर्क यांना स्वतंत्र गुण आहेत, त्यांचं काय करायचं? आंतरवासितेला ९०% हजेरी लागते, ती सिकलसेलच्या मुलीची कशी बसवायची? शिवाय पुढच्या वर्षी संस्था पातळीवरच्या प्रवेशाच्या वेळी ‘शिकवण्यास सक्षम’ असा डॉक्टरांचा दाखला मागावा, असा प्रस्ताव समितीपुढे आला आहे. मला तो पटलेला नाही, पण विरोध करायला नेमका आधार हवा आहे.

शाळासंपर्क

चिठ्ठ्या टाका, पण या चौघांच्या शाळा आधी ठरवून उरलेल्या ४६ जणांच्या. सगळ्यांची नावं एकाच डब्यात घातली की वाटप समान दिसतं. मात्र व्हीलचेअरवाल्या मुलीच्या चिठ्ठीत नववी-दहावीचे वर्ग दुसऱ्या मजल्यावर असलेली शाळा निघाली, की तिची आंतरवासिता जिन्याच्या पहिल्या पायरीशीच संपते. उरलेल्या मुलांना हे कारण वाटपाच्या आधी वर्गात मोकळेपणाने सांगा. नंतर कुजबूज होत नाही.

क्रम असा ठेवा. आधी प्रत्येकाशी स्वतंत्र बसून एक पानाचा तक्ता भरा. ‘तुला जमेल का?’ हा प्रश्न त्यात नको. घरातून निघण्यापासून परत येईपर्यंतचा दिवस टप्प्याटप्प्याने लिहा: प्रवास, फाटक ते वर्ग, परिपाठ, तासिका, मधली सुट्टी, स्वच्छतागृह, शिक्षक खोली, पाठ टाचण तपासून घेणं, निरीक्षणानंतरचा अभिप्राय. प्रत्येक टप्प्यासमोर काय लागेल आणि ते कोण करेल, एवढंच. स्वच्छतागृह आणि अभिप्राय हे दोन रकाने बहुतेक ठिकाणी कोरे राहतात, आणि पहिल्याच आठवड्यात अडतं ते तिथेच.

मग प्रत्येकासाठी दोन-दोन शाळा निवडा. पहिली चाळणी यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी माहितीसंचातल्या शाळा अहवालावर लावता येते, त्यात रॅम्प आणि दिव्यांगांसाठीचं स्वच्छतागृह यांची नोंद असते. पण ‘आहे’ एवढ्या नोंदीवर विसंबू नका. प्रत्यक्ष भेट द्या, आणि त्या भेटीला छात्राध्यापक बरोबर हवाच. अंतर कॉलेजपासून मोजू नका, छात्राध्यापकाच्या मुक्कामापासून मोजा. एसटीत ७५% सवलत असली तरी बसच्या पायऱ्या चढता येत नसतील तर ती सवलत व्हीलचेअरवाल्या मुलीच्या काही कामाची नाही. रोजची ठरलेली रिक्षा लागेल, आणि तो खर्च कोण करणार हे वाटपाच्या बैठकीतच बोला.

मुख्याध्यापकांना पत्र पाठवताना निदान लिहू नका, गरज लिहा, आणि तीही छात्राध्यापकाला मजकूर दाखवून. ‘या छात्राध्यापिकेच्या सर्व तासिका तळमजल्यावर असाव्यात, तळमजल्यावरचं स्वच्छतागृह दिवसभर उघडं असावं, विज्ञानाचं प्रात्यक्षिक वर्गातच घेण्याची मुभा असावी.’ एवढं पुरतं. कोणता आजार, किती टक्के, हे शिक्षक खोलीत कळायचं कारण नाही.

विशेष शाळेचा पर्याय माझ्या मते चूक आहे. विशेष शिक्षणातलं बी.एड. वेगळं असतं, ते भारतीय पुनर्वास परिषदेच्या कक्षेत येतं. तुमचे विद्यार्थी सर्वसाधारण बी.एड. करतायत. पूर्ण वर्गात आपल्या विषयाचा घटक शिकवणं, घटक चाचणी काढणं, तपासणं हा अनुभव त्यांना इतरांइतकाच मिळायला हवा. उद्या नोकरी मागायला ते सर्वसाधारण शाळेतच जाणार. कोणी स्वतःहून विशेष शाळा मागितली तर गोष्ट वेगळी.

एक दिवसाची रंगीत तालीम ठेवा, आंतरवासिता सुरू होण्याच्या आठवडाभर आधी. पूर्ण वेळ शाळेत थांबायचं, पाठ न घेता. काय राहिलंय ते त्या दिवशी कळतं आणि दुरुस्तीला आठवडा मिळतो.

मोजपट्टी

भेटीला जाताना पाच मीटरचा टेप आणि मोबाईलमधलं कोन मोजणारं ॲप न्या. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा खडा नको. मोबाईल रॅम्पवर आडवा ठेवला की साधारण पावणेपाच अंश दिसायला हवेत. प्रत्यक्षात आठ-नऊ अंशांचे रॅम्प सर्रास दिसतात, कारण गवंड्याला जागा दिलेली असते तेवढ्यात तो बसवतो. हिशेब सोपा आहे: १५ सेंटिमीटरची एक पायरी असेल तर १.८ मीटर लांबीचा रॅम्प लागतो, दोन पायऱ्यांना ३.६ मीटर. नऊ अंशांच्या रॅम्पवर मागून ढकलणारा माणूस लागतोच, आणि उतरताना खुर्ची पुढे पळते. दोन्ही बाजूंना कठडा आहे का बघा. रॅम्पच्या वरच्या टोकाला दार असेल तर त्याच्यापुढे खुर्ची स्थिर उभी राहील एवढी सपाट जागा हवी. नाहीतर एका हाताने दार उघडायचं आणि दुसऱ्याने खुर्ची धरून ठेवायची, अशी कसरत होते.

वर्गाच्या दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर हवी. चौकट मोजू नका, दार पूर्ण उघडून उरलेली जागा मोजा. जुन्या शाळांत दुहेरी झडपांची दारं असतात आणि एक झडप कायमची कडी लावून बंद असते. दुसरी कडी काढली की प्रश्न सुटतो. आत फळा आणि पहिला बाक यांच्यात खुर्ची वळायला दीड मीटर लागतं. पहिली रांग मागे सरकवली की झालं. फळ्याखाली सिमेंटचा ओटा असेल तर मात्र फळ्यापर्यंत पोचताच येत नाही. अशा वर्गाला पर्याय म्हणून खाली, चाकांच्या स्टँडवर पांढरा फळा मागून घ्या. खालची कड जमिनीपासून ७० सेंटिमीटरच्या आसपास असली की बसून लिहिता येतं.

स्वच्छतागृहाकडे सगळ्यात जास्त वेळ द्या. नोंदीत असलेलं दिव्यांग स्वच्छतागृह अनेकदा खराटे, बादल्या आणि क्रीडासाहित्य ठेवायला वापरतात, आणि किल्ली शिपायाकडे असते. दार आत उघडत असेल तर खुर्ची आत गेल्यावर ते लावताच येत नाही. बिजागऱ्या बदलून बाहेर उघडणारं करणं हे सुताराचं एका दिवसाचं काम आहे. पकडायचा दांडा हलवून बघा. नुसत्या प्लास्टिकच्या बुचावर बसवलेला दांडा माणसाचा भार पेलत नाही, आणि जो विश्वासाने धरतो तोच पडतो.

वरच्या मजल्यावरचा वर्ग असेल तर तिला उचलून नेण्याची व्यवस्था कृपा करून सुचवू नका. उचलताना पडण्याचा धोका असतो आणि रोज चार जणांच्या हातांवर वर जाणं हा अपमान आहे. तिच्या तासिकांपुरती खालच्या आणि वरच्या वर्गाची अदलाबदल करायची. चाळीस मुलं दोन मिनिटांत खाली येतात. विज्ञानाचं साहित्य ट्रॉलीवर खालच्या वर्गात आणा. स्पिरिटचा दिवा लागणारे प्रयोग तिच्या बसत्या उंचीच्या टेबलावर करायचे, उंच टेबलावर हात वर करून नाही.

ब्रेलपाटी

अंध छात्राध्यापकाबद्दल लिहितो. पहिली अडचण वर्गात येत नाही, त्याच्या आधीच येते. पाठ्यपुस्तक आणि तुमच्या कॉलेजचे नमुने त्याला वाचता येतील अशा रूपात आहेत का? टाचणाचा नमुना जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉण्टमध्ये टाईप केलेला असला तर स्क्रीन रीडर त्याचे अर्थहीन इंग्रजी तुकडे वाचून दाखवतो. स्कॅन केलेलं पान असलं तर काहीच वाचत नाही. टाचण नमुना, निरीक्षण तक्ता, हजेरीपत्रक, शाळेचं वेळापत्रक हे सगळं युनिकोडमध्ये, वर्ड फाईल म्हणून, महिनाभर आधी द्या. तक्त्यात एकमेकांत मिसळलेले रकाने नकोत, कर्सर कुठल्या रकान्यात आहे तेच कळेनासं होतं. लॅपटॉपवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो आणि मराठी वाचतो. पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय हे अंधांसाठीचं ऑनलाईन ग्रंथालय बघा. तिथे नसेल तर दोन वर्गमित्र घटक वाटून घेऊन टाईप करू शकतात, शिकवायचे घटक मोजकेच असतात.

वर्गात: पहिल्या दिवशी बसण्याची जागा पक्की करून घ्यायची आणि बाकावार नावं ब्रेलमध्ये टिपायची. उत्तर देणारा मुलगा आधी स्वतःचं नाव सांगेल, हा नियम पहिल्याच तासाला घालायचा. दोन दिवसांत मुलांच्या अंगवळणी पडतो. फळ्यावर लिहिण्याचे मुद्दे आधीच तक्त्यावर तयार ठेवता येतात, किंवा प्रोजेक्टर असेल तर स्लाईडवर. आयत्या वेळी उठलेला मुद्दा एखादा विद्यार्थी फळ्यावर लिहील आणि लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवेल. वाचून दाखवणं गाळायचं नाही, कारण चूक झाली असेल तर शिक्षकाला ती तिथेच पकडता येते. इतिहासाच्या नकाशासाठी कार्डबोर्डवर लोकर चिकटवून सीमा आणि टिकल्यांनी ठिकाणं दाखवली, तर तोच नकाशा अख्ख्या वर्गालाही चालतो.

उत्तरपत्रिका तपासायला वाचक लागेल. तो त्याच वर्गातला विद्यार्थी नको आणि त्या विषयाचा मार्गदर्शक शिक्षकही नको, कारण मग गुण कोणी दिले हा प्रश्न उभा राहतो. कॉलेजने वेगळा वाचक द्यावा, गुण छात्राध्यापकाने सांगावेत आणि वाचकाने लिहावेत.

तक्त्यातल्या गुणांबद्दल: फलकलेखनाचे गुण वगळू नका, माफही करू नका. निकषाची भाषा बदला. ‘अक्षर सुवाच्य, ओळी सरळ’ याऐवजी ‘पाठातले मुख्य मुद्दे योग्य क्रमाने वर्गासमोर दृश्य रूपात मांडले’. नजरसंपर्काच्या जागी ‘वर्गाच्या सर्व भागांतल्या विद्यार्थ्यांना सहभागी करून घेतलं’. डोळ्यांनी बघून जे साधायचं ते हेच ना?

कसोटी_पाठ

वरच्या मुद्द्यावर एक शंका, वाईट हेतूने नाही. निकष बदलला तर बाकीच्या ४९ जणांना तो जुनाच लावायचा का? एकाला सोपा, दुसऱ्याला अवघड असं होणार नाही का? विद्यापीठाच्या तपासणी समितीने विचारलं तर?

ब्रेलपाटी

शंका रास्त आहे. म्हणूनच मी म्हणेन की बदललेला निकष सगळ्यांनाच लावा. ज्याचं अक्षर मोत्यासारखं आहे पण मुद्द्यांचा क्रम चुकलेला आहे, त्याला आज पूर्ण गुण मिळतात, ते तरी कुठे बरोबर आहे? तक्ता विद्यापीठाने ठरवून दिलेला असेल तर कॉलेजला तो परस्पर बदलता येत नाही. त्या बाबतीत प्रत्येक निकषासमोर ‘हा निकष कशावरून पाहिला’ अशी एक ओळ निरीक्षकाने लिहायची आणि आधी परीक्षा विभागाला पत्र देऊन पोच घ्यायची. समितीला दाखवायला ती पोच लागते.

श्रवणमित्र

श्रवणयंत्रवाल्या मुलाबद्दल थोडक्यात. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, गोंगाटही मोठा करतं. पत्र्याचं छप्पर, पाऊस, कुरकुरणारा पंखा आणि शेजारी संगीताचा वर्ग असेल तर त्याला फक्त खळबळ ऐकू येते. त्याला रस्त्यापासून लांबचा, स्लॅबचा वर्ग द्या. मुलांनी हात वर करून, उभं राहून, त्याच्याकडे तोंड करून बोलायचं. मागच्या बाकावरून आलेलं उत्तर कळलं नाही तर पुढच्या मुलाने ते पुन्हा सांगायचं. यासाठी छात्राध्यापकाचे गुण कापू नका. मोबाईलवर बोलणं मराठीत लिहून दाखवणारी ॲप्स आहेत. एका माणसाशी बोलताना चांगली चालतात, पन्नास मुलांच्या वर्गात फारशी नाहीत. निरीक्षणानंतरचा अभिप्राय पोर्चमध्ये चालता चालता देण्याची सवय सोडा. शांत खोलीत, समोरासमोर, आणि मुद्दे कागदावर. पावसाळ्यात यंत्रात ओल जाते, म्हणून सिलिका जेलची डबी आणि जादा सेल शाळेत ठेवायला सांगा.

पुढे कधी खुणांची भाषा वापरणारा छात्राध्यापक आला तर एका दुभाष्यावर भागणार नाही. वीस-तीस मिनिटांनंतर भाषांतराची अचूकता घसरते, दोघांनी आलटून पालटून करावं लागतं.

कलमवाचक

दाखल्याच्या प्रस्तावाला आधार विचारलात, तो असा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ नुसार शासनाने अनुदान दिलेल्या किंवा मान्यता दिलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, इमारत आणि परिसर सुगम करायचा आणि व्यक्तीच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करायची. विनाअनुदानित संस्थाही यातून सुटत नाहीत. कलम २ मधल्या भेदभावाच्या व्याख्येतच वाजवी सोय नाकारणं येतं. बाकी कोणाकडून न मागितलेला ‘सक्षम’ दाखला फक्त दिव्यांगांकडून मागणं म्हणजे प्रवेशाला जादा अट घालणं, आणि ती अट नियमांत कुठेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ओंकार गोंड प्रकरणात, वैद्यकीय प्रवेशाच्या संदर्भात, हेच स्पष्ट केलं: दिव्यांगत्वाची टक्केवारी एवढ्याच कारणावरून कोणाला अपात्र ठरवता येत नाही, ती व्यक्ती अभ्यासक्रम पूर्ण करू शकते का हे पाहावं लागतं. डॉक्टरकीला जो न्याय, तो शिक्षकीला न लावण्याचं कारण समितीला विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.

अनुदानित म्हणून तुम्हाला कलम ३२ लागू आहे: लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे ४०% किंवा अधिक, असणाऱ्यांसाठी किमान ५% जागा. ५० वर ५% म्हणजे अडीच. कायद्याचे शब्द ‘पाच टक्क्यांपेक्षा कमी नाही’ असे आहेत, त्यामुळे दोनवर थांबलात तर ४% होतात. एवढं मनात ठेवून त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतला जागांचा तक्ता तपासा. वाजवी सोयीसाठी मात्र ४०% ची अट नाही. ३०% दाखला असलेल्या विद्यार्थ्यालाही सोय मागता येते. विकास कुमार प्रकरणात, २०२१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकाबाबत हेच सांगितलं आहे.

संस्था पातळीवरच्या मुलाखतीत ‘रोज कोण आणून सोडणार?’, ‘मुलं ऐकतील का?’ असे प्रश्न विचारले जात असतील तर ते आजच बंद करा. नकार दिला तर कारण लेखी द्यायची तयारी हवी. उमेदवार आधी सीईटी कक्षाच्या तक्रार खिडकीत, मग प्रवेश नियामक प्राधिकरणाकडे आणि दिव्यांग आयुक्तांकडे जाऊ शकतो. कलम ८९ नुसार पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत दंड आहे, पुढच्या प्रत्येकाला पन्नास हजार ते पाच लाख.

सीईटी_२

जोडून विचारते. धाकटी बहीण पुढच्या वर्षी बी.एड. सीईटी देणार, अल्पदृष्टी आहे. आत्तापासून काय करून ठेवावं?

कलमवाचक

ताई, सगळ्यात आधी युडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा आणि जिल्हा रुग्णालयातल्या तपासणीला पुरेसा वेळ हातात ठेवायचा. दहावीचं प्रमाणपत्र, आधार आणि युडीआयडी यांवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का बघा. फरक असेल तर तो आत्ताच दुरुस्त करा, कागदपत्र पडताळणीच्या चार दिवसांत दुरुस्ती होत नाही. सीईटीचा अर्ज भरतानाच दिव्यांग रकाना आणि लेखनिक किंवा जादा वेळ निवडा, नंतर बदल करणं कठीण. जादा वेळ तासाला २० मिनिटं, म्हणजे ९० मिनिटांच्या पेपरला ३०. पडद्यावरचं अक्षर किती मोठं होतं ते सराव चाचणीत पाहून ठेवू द्या.

आंतरवासिता_समन्वयक

सगळ्यांचे मनापासून आभार. दाखल्याचा विषय पुढच्या बैठकीत मी लेखी मांडते. हजेरीचं तेवढं राहिलं.

शाळासंपर्क

मॅडम, आकडा मांडून बघा. १६ आठवडे, आठवड्याला सहा दिवस, म्हणजे ९६. त्याचे ९०% म्हणजे ८६.४, थोडक्यात ८७ दिवस. हातात उरतात नऊ. सिकलसेलमध्ये वेदनांचा एक झटका आला आणि रुग्णालयात राहावं लागलं तर हे नऊ दिवस एकाच वेळी जाऊ शकतात. हजेरीची अट शिथिल करणं कॉलेजच्या हातात नाही, त्यामुळे भरपाईची सोय आधीच करा. सत्र संपल्यानंतरचे दोन आठवडे त्याच शाळेत राखीव ठेवल्याचं पत्र मुख्याध्यापकांकडून आज घ्या, आणि विद्यापीठाला आजच कळवा. दिवस बुडाल्यावर केलेला अर्ज मेहेरबानी मागितल्यासारखा वाचला जातो. बी.एड. पूर्ण करायला तीन वर्षांपर्यंत मुभा आहे, हेही तिला सांगून ठेवा, म्हणजे आजारी असताना ती अंग ओढत शाळेत येणार नाही.

शाळेत तिला पाण्याची बाटली वर्गात ठेवू द्या, परिपाठाला उन्हात उभं करू नका, वरच्या मजल्यावरच्या फेऱ्या कमी करा. थंडीत शनिवारची सकाळची शाळा असेल तर पहिली तासिका देऊ नका. ताप आला तर ‘तास संपवून जा’ म्हणायचं नाही, लगेच दवाखान्यात. हे मार्गदर्शक शिक्षकांना माहीत असावं, आणि कारण सांगायचं की नाही हे तिने ठरवावं. तिचे पाठ पहिल्या दहा आठवड्यांत थोडे दाट लावा, उरलेल्या सहांत विरळ. पाठ पूर्ण असतील तर शेवटी फक्त दिवस भरायचे उरतात.